वाचक विचारतात : चार्टर, सरकारी बंदी आणि आपल्याकडचं पर्यटन

मागच्या अंकात उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल लिहिताना मी एक ओळ टाकली होती, की चार्टर, म्हणजे अख्खं भाड्यानं घेतलेलं विमान असो नाहीतर यात्रेचं हेलिकॉप्टर, आधी सरकारी नियम बघा आणि मगच ॲडव्हान्स द्या. त्या एका ओळीवर इतके मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (परभणी) : दादा, आईबाबांची केदारनाथची लई इच्छा आहे. बाबांचे गुडघे गेलेत, चढण होणार नाही. २०२५ ला जायचं ठरलं होतं पण हेलिकॉप्टर बंद झालं आणि राहूनच गेलं. आता एक एजंट म्हणायलाय की शटलच्या (ठरलेल्या फेऱ्यांच्या) भानगडीत पडू नका, चारधामचं पूर्ण चार्टर घ्या, बंदी आली तरी चार्टरला लागत नाही. हे खरं आहे का? आणि सरकार असं मधेच बंद का करतं, म्हाताऱ्या माणसांनी जायचं कसं?

उत्तर : ताई, एजंटचं ते वाक्य साफ खोटं आहे. केदारनाथच्या खोऱ्यात उडणं थांबवा असा आदेश निघाला की शटल थांबतं, चार्टर थांबतं, सगळंच थांबतं, कारण तुम्ही तिकीट कुठलं काढलंय हे आदेशात बघितलंच जात नाही. आणि डेहराडूनच्या सहस्त्रधारा हेलिपॅडवरून चारधामची जी चार्टर पॅकेजं निघतात त्यातल्या बऱ्याच पॅकेजांत केदारनाथचा शेवटचा टप्पा फाटा नाहीतर सिरसी या गावांवरून छोट्या शटल हेलिकॉप्टरनंच करायचा असतो. म्हणजे पैसे लाखांत मोजायचे आणि अडकायचं सगळे अडकतात तिथंच.

आता बंद का करतात ते. २०२५ मध्ये काय काय झालं ते जरा सविस्तर सांगतो कारण 'उगाच बंद केलं' असं म्हणणारी पत्रं मला इतरही आलीत. ८ मे ला उत्तरकाशीतल्या गंगनानीजवळ हेलिकॉप्टर पडलं, सहा माणसं गेली. ७ जूनला गुप्तकाशीच्या बाजूला एकाला थेट रस्त्यावर उतरावं लागलं, शेपटी उभ्या गाडीवर आदळली, नशीब म्हणून भाविक वाचले. आणि १५ जूनला भल्या पहाटे केदारनाथवरून गुप्तकाशीला परत निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडच्या वरच्या जंगलात कोसळलं, आतले सातही जण गेले, त्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं, लहान लेकरासकट. ते खोरं अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, ढग कधी खाली येईल भरवसा नाही, आणि तिथं वैमानिक डोळ्यांना जे दिसतं त्याच्या भरवशावर उडवतो. दिसायचं बंद झालं की मागं फिरणं एवढंच त्याच्या हातात असतं, आणि मागं लाइनमध्ये पुढची फेरी थांबलेली असली की तेच जड जातं. त्या अपघातानंतर दोन दिवस सगळ्या फेऱ्या बंद झाल्या, ज्या कंपनीचं हेलिकॉप्टर होतं तिची सेवा थांबवली, दुसऱ्या एका कंपनीचे दोन वैमानिक खराब हवेत उडाले म्हणून त्यांचे परवाने सहा महिन्यांसाठी निलंबित झाले, पुढं पावसाळ्यात सेवा बंदच राहिली, आणि सप्टेंबरच्या मध्याला नवीन नियमांनी परत सुरू झाली. मला विचाराल तर ही बंदी ८ मे च्या अपघातानंतर लगेच यायला पाहिजे होती. अशा बंदीत फाटा-सिरसीच्या लॉजवाल्यांचं, जीपवाल्यांचं नुकसान होतं, ते मला कळतं, यात्रेच्या पाच-सहा महिन्यांवर त्यांचं वर्ष चालतं. तरीपण इथं मी सरकारच्या बाजूनं आहे.

तुमच्या आईबाबांसाठी माझं ऐकाल तर मे-जूनची गर्दी सोडा. मंदिराची दारं भाऊबीजेला बंद होतात, त्याच्या आधीचे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे दिवस बघा, हवा मोकळी असते. आधी यात्रेचं रजिस्ट्रेशन करायचं, त्याशिवाय तिकीटच निघत नाही. मग शटलचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरून काढायचं. व्हॉट्सॲपवर 'कन्फर्म सीट' म्हणून क्यूआर कोड पाठवणाऱ्याला एक रुपया देऊ नका, हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट काढून लोकांना लुटण्याचे प्रकार दरवर्षी होतात. वजन ८० किलोच्या वर असेल तर जास्तीचे पैसे पडतात, ते आधीच हिशोबात धरा. परतीचं रेल्वेचं तिकीट काढताना मधे दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर 'आज उडायलाच पाहिजे' अशी घाई तुमच्याकडून होणार नाही. हेलिकॉप्टर नाहीच मिळालं तर गौरीकुंडवरून पालखी मिळते, चौघं जण उचलून नेतात, वेळ लई लागतो पण माणूस पोचतो. मंदिर साधारण ३,५८३ मीटर उंचीवर आहे, तेव्हा बीपी-शुगरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्रानं मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिलीये, १२.९ किलोमीटरचा आहे, आठ-नऊ तासांची वाट ३६ मिनिटांवर येणार असं सांगितलंय, पण त्याची वाट बघत बाबांचं वय थांबणार नाही, म्हणून वर सांगितलं तसं करा.

प्रश्न (वेरूळ) : नमस्कार दादा. मी टॅक्सी चालवतो, वडीलपण हेच करायचे. गोव्याला परदेशातून भरलेली चार्टर विमानं सरळ उतरतात असं ऐकून आहे. मग आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळावर का उतरत नाहीत? सरकारनं बंदी घातलीये का? करोनात सगळं बंद झालं तेव्हापासून आमच्याकडं फॉरेनर पहिल्यासारखा आलाच नाही बघा.

उत्तर : भाऊ, तुमच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण हा माझ्यापण जिवाचा विषय आहे.

'चिकलठाण्याला चार्टर नको' असा बंदीचा कागद कुठं नाही. पण न लिहिलेल्या अडचणी इतक्या आहेत की परिणाम बंदीसारखाच होतो. आधी चार्टर म्हणजे काय ते बघू. एसटी महामंडळाची गाडी आपण लग्नाला प्रासंगिक करारावर घेतो ना, वेळ आपली, मार्ग आपला, रिकामी परत आली तरी पैसे आपले, तसंच हे. परदेशातली टूर कंपनी अख्खं विमान घेते, तिकीट आणि हॉटेल एकत्र करून पॅकेज विकते. रोजच्या ठरलेल्या विमानाला जसं वर्षाचं टाइमटेबल मंजूर असतं तसं याला नसतं, म्हणून डीजीसीएकडून, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडून, वेगळी परवानगी लागते, त्या नंबरला धंद्यातली माणसं वायए नंबर म्हणतात. इथपर्यंत गोवा आणि आपण सारखेच.

फरक पुढं पडतो. परदेशातून थेट आलेल्या विमानाला उतरल्या जागी कस्टम पाहिजे आणि इमिग्रेशन पाहिजे, पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी तिथं बसलेला पाहिजे. मुंबई, पुणे, नागपूर, गोवा ही नावं ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या विमानतळांच्या यादीत आहेत. आपलं नाव त्या यादीत नाही. म्हणजे बँकॉकहून किंवा टोकियोहून एखादी कंपनी दीडशे माणसं घेऊन सरळ आपल्याकडं यायचं म्हणाली तर त्या दीडशे जणांना घरबसल्या काढलेल्या ई-व्हिसावर इथं उतरता येत नाही, दूतावासातून साधा व्हिसा काढा म्हणावं लागतं, आणि तिथंच टूर कंपनी फाइल बंद करते. आता कुणी म्हणेल चिकलठाण्याला ते जमणारच नाही, तर तसंही नाही. हजची विमानं इथून गेलेली आहेत. त्या दिवसांपुरता सगळा बंदोबस्त होतो, माणसं बसतात, शिक्के पडतात. धावपट्टीवर एअरबस ३२० रोज उतरतं. टर्मिनल २००८-०९ च्या सुमाराचं आहे आणि या सगळ्या विकासात अजिंठा-वेरूळ प्रकल्पासाठी घेतलेलं जपानचं कर्ज आहे. जपाननं पैसे दिले ते बौद्ध लेण्यांसाठी, आणि जपानी माणसालाच इथं थेट उतरता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

करोनाबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. मार्च २०२० मध्ये टुरिस्ट व्हिसा थांबवले आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली. परत उघडताना सरकारनं काय केलं, १५ ऑक्टोबर २०२१ पासून आधी फक्त चार्टरनं येणाऱ्या पर्यटकांना परवानगी दिली, आणि साध्या विमानानं येणाऱ्यांना एक महिन्यानं, १५ नोव्हेंबरपासून. नेहमीचं आंतरराष्ट्रीय टाइमटेबल तर २७ मार्च २०२२ ला सुरू झालं. म्हणजे तो अख्खा हिवाळा, जो आपल्याकडचा खरा सीझन, त्यात ज्याच्याकडं चार्टर उतरायची सोय होती त्याला काहीतरी मिळालं. गोव्यात डिसेंबर २०२१ मध्ये कझाकस्तानचं पहिलं चार्टर उतरलं. आपल्याकडं काय उतरणार होतं? त्याच्या आधीच, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली होती आणि शहराची विमानं कमी झाली होती. जुन्या माणसांना आठवत असेल, इंडियन एअरलाइन्सचं दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई असं विमान असायचं, फॉरेनर राजस्थान बघून सरळ आपल्याकडं यायचा आणि लेणी बघून मुंबईवरून घरी जायचा. ती साखळी तुटली ते मोठं नुकसान झालं, चार्टर नसण्यापेक्षाही मोठं असं मी म्हणेन.

याचा मार कुणाला बसतो ते अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या टी पॉइंटला जाऊन बघा. तिथून पुढं खासगी गाडी सोडत नाहीत, बसनं चार किलोमीटर जायचं, आणि त्या बसच्या रांगेजवळ गारगोट्या विकणारी पोरं उभी असतात. जांभळे, हिरवट, पांढरे स्फटिक, आपल्याच बेसाल्टच्या खडकातनं निघालेले, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवलेले. यातल्या थोराड पोरांना जपानी आकडे येतात, एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखवतात, भाव जपानीत करतात. आपला माणूस गारगोटी हातात घेतो, सूर्याकडं धरून बघतो, वीस रुपयाला मागतो आणि ठेवून देतो, त्याला घरी नेऊन करायचंय काय त्याचं. ती वस्तूच परदेशी गिऱ्हाइकाची आहे. हिमरू कापडाच्या दुकानांचं तेच, आणि एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहून जपानीत नाहीतर फ्रेंचमध्ये समजावून सांगणारे जे मोजके गाइड आहेत त्यांचं तर जास्तच. भाषा शिकायला आयुष्य घातलं आणि ती भाषा बोलणारा येईना.

पण भाऊ, सगळं सरकारवर ढकलून मी मोकळा होणार नाही, धंद्याचं गणितपण बघावं लागेल. चार्टर परवडतं ते अशानं, की विमान एक तुकडी घेऊन येतं आणि आधीच्या तुकडीला घेऊन जातं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यासाठी माणूस सात रात्री, चौदा रात्री एका जागी राहायला पाहिजे. गोव्यात समुद्र आहे, तो राहतो. आपल्याकडं अजिंठा एक दिवस, वेरूळ-दौलताबाद-मकबरा एक दिवस, तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. तेव्हा गोव्याची कॉपी करून चालायचं नाही, आपला नमुना गया आहे. गयेला हिवाळ्यात थायलंडहून, म्यानमारहून, भूतानहून विमानं थेट येतात, बोधगयेसाठी, आणि सीझन संपला की थांबतात. तसंच नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यापुरतं इमिग्रेशन आपल्याकडं बसवा, ई-व्हिसाच्या यादीत नाव घाला, बौद्ध यात्रेकरूंचं विमान गयेवरून किंवा वाराणसीवरून इकडं जोडा, ही मागणी आपल्या खासदार-आमदारांकडं गेली पाहिजे आणि ती तुमच्यासारख्यांनी सह्या घेऊन द्यायला पाहिजे.

आणखी एक, जे आपल्याच राज्यात बसून सोडवता येईल. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. एखादा ग्रुप रविवारी रात्री पोचला तर त्याला उलटसुलट फिरवावं लागतं, आणि दोनच दिवस असतील तर तारीख जरा चुकली की एक लेणं राहतंच. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा प्लॅन करून देणारा ड्रायव्हर पाहिजे, ते तुम्ही करता हे मला माहितीये. अजिंठ्याचा रस्ता किती वर्षं रखडला ते मी तुम्हाला काय सांगू, तुमच्या गाडीच्या पाट्यांनाच जास्त माहिती. त्या काळात कितीतरी टूरवाल्यांनी जळगावकडून अजिंठा दाखवून माणसं परस्पर पुढं नेली आणि आपल्या शहरात रात्रीच काढली नाही. मुक्काम वाढवायचा असेल तर पैठण आहे, पितळखोरा आहे, जरा लांब नळदुर्गचा किल्ला आहे, तेरचं म्युझियम आहे, खरोसा आहे. तेरला सापडलेल्या वस्तूंवरून या गावाचा रोमशी व्यापार होता हे कळतं, युरोपातल्या माणसाला यापेक्षा जवळचं काय दाखवणार आपण. पण तिकडं नेणारा, खाऊ घालणारा, इंग्रजीत सांगणारा माणूस तयार करावा लागेल, नुसतं विमान उतरवून भागणार नाही.

प्रश्न (जालना) : आमच्या कंपनीत जर्मनीहून चार पाहुणे येणारेत. मुंबईत सकाळी उतरतील, तिथून छोटं चार्टर करून चिकलठाणा, दुपारी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा आणि जालना असा विचार आहे. ऑपरेटर म्हणतो सकाळी नऊला मुंबईतून उडता येणार नाही, सरकारी बंदी आहे. पैसे वाढवायला असं सांगतोय का?

उत्तर : नाही साहेब, तो खरं सांगतोय. मुंबईची धावपट्टी एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दी इतकी झाली होती की विमानं उतरायच्या आधी ४०-४० मिनिटं, कधी तासभर शहरावर घिरट्या घालायची. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आदेश निघाला, गर्दीच्या तासांत विमानांची संख्या तासाला ४६ वरून ४४ वर आणली, इतर वेळी ४४ वरून ४२, आणि गर्दीच्या तासांत छोट्या खासगी-चार्टर विमानांना मज्जाव. ते तास म्हणजे सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. अशा वेळा पुढंमागं होत असतात, तेव्हा तुमच्या तारखेची ताजी वेळ ऑपरेटरकडून लेखी घ्या. हा निर्णय मला योग्य वाटतो, चार जणांच्या विमानासाठी १८० जणांनी आकाशात फिरत राहू नये.

मग करायचं काय, तर पाहुण्यांना पहिल्या दिवशी मुंबईत आराम करू द्या, तेवढ्या लांबून आलेला माणूस तसाही अर्धा झोपेत असतो. साध्या विमानानं आणलं तरी चालेल, नाहीतर सीएसएमटीवरून दुपारची वंदे भारत आहे, डिसेंबर २०२३ मध्ये जालन्यापर्यंत सुरू झाली आणि आता नांदेडपर्यंत जाते, तुमच्या दारातच उतरतील. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, चांगला ड्रायव्हर असेल तर गाडीनंही येतील. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही चालू झालंय, पुढच्या वेळी तिथली विमानं बघा. चार्टरचे जे पैसे वाचतील त्यातून अजिंठ्याला जर्मन बोलणारा गाइड लावा, पाहुणे आयुष्यभर नाव काढतील.

प्रश्न (लातूर) : मुलाच्या लग्नाला पाहुणे उदयपूरला न्यायचेत. ओळखीतून एका उद्योगपतीचं स्वतःचं विमान मिळतंय, फक्त डिझेलपाण्याचा खर्च म्हणून रोख द्यायचे, बाजारभावाच्या निम्म्यात. घ्यावं का?

उत्तर : काका, घेऊ नका. स्पष्टच सांगतो. पैसे घेऊन माणसं न्यायची तर विमानाला डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो, एनएसओपी म्हणतात त्याला. मालकाच्या खासगी वापरासाठी नोंदवलेलं विमान भाड्यानं देणं बेकायदा आहे, 'खर्च म्हणून' दिले काय आणि 'भाडं म्हणून' दिले काय. परवाना असलेल्या कंपनीवर वैमानिकाच्या ड्युटीचे तास, देखभाल, तपासणी सगळ्याचं बंधन असतं, तिथं हे बंधन नसतं म्हणूनच ते निम्म्यात मिळतं. आणि देव न करो, काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की हे विमान भाड्यानं चाललं होतं का. घरातली पंधरा-वीस माणसं एका विमानात बसवताना हा धोका कशाला घ्यायचा.

रीतसर चार्टर घ्यायचं असेल तर परवान्याची प्रत मागा, त्यात तुमच्या विमानाचा व्हीटी नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, आहे का ते बघा, प्रवाशांच्या विम्याचा कागद मागा, आणि पैसे बँकेतून, जीएसटीच्या पावतीवर द्या. काही परवानाधारक कंपन्या एखाद्या मार्गावर सुटी तिकिटंपण विकतात, तेवढं चालतं, फक्त त्यांना त्याचं टाइमटेबल जाहीर करता येत नाही. तेव्हा कुणी रोजचं टाइमटेबल छापलेला कागद दाखवला तर जरा थांबून चौकशी करा. आणि खरं सांगू का, उदयपूरला पाहुणे न्यायचे तर हैदराबाद किंवा पुण्याहून साध्या विमानाचं ग्रुप बुकिंग करा, एवढ्या पैशात लग्न आणखी एक दिवस वाढवता येईल.

प्रश्न (नांदेड) : वीरजी, आमचे कॅनडाचे नातेवाईक मोठा जत्था घेऊन हुजूर साहिबला यायचं म्हणतात. तिकडून चार्टर करून सरळ नांदेडला उतरता येईल का?

उत्तर : सरळ नाही येणार जी. वेरूळच्या भावांना सांगितलेली कस्टम-इमिग्रेशनची अडचण नांदेडलाही आहेच, शिवाय कॅनडाहून येणारं मोठं विमान या धावपट्टीसाठी नाही. दिल्ली, अमृतसर, मुंबई किंवा हैदराबादला उतरून पुढं यायचं. नांदेडला विमानाचं नशीब सारखं वरखाली होतंय. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची देशातली अगदी पहिली विमानं सुटली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, किती आनंद झाला होता तेव्हा, आणि २०२२ ला ते विमान चालवणारी कंपनीच बंद पडली. आताही कुठलं विमान चालू, कुठलं बंद हे महिन्या-महिन्याला बदलतं, म्हणून जत्थ्याची तारीख विमानावर बांधू नका. अमृतसरवरून सचखंड एक्स्प्रेस रोज आहे, म्हातारी माणसं असतील तर एसीचं रिझर्वेशन आधीच करून ठेवा आणि यात्री निवासाला कळवून ठेवा.

प्रश्न (बीड) : मे २०२५ मध्ये आम्ही तीन कुटुंबं मिळून अमृतसर आणि पुढं हिमाचल असं विमानाचं पॅकेज घेतलं होतं. युद्धासारखी परिस्थिती झाली, विमानतळ बंद, सगळं कॅन्सल. एजंट आजपर्यंत म्हणतोय 'सरकारनं बंद केलं, त्यात माझी काय चूक, पैसे परत नाहीत'. आम्ही काय करावं? आता उशीर झाला का?

उत्तर : उशीर झालेला नाही, ग्राहक आयोगात घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण आता दिवस घालवू नका. तेव्हा ९ मे पासून उत्तर आणि पश्चिम भारतातली ३२ विमानतळं बंद केली होती, त्यात अमृतसर होतं, आणि १२ मे ला उघडली. बंदी बरोबरच होती, आकाशात ड्रोन आणि क्षेपणास्त्रं असताना प्रवासी विमान कोण उडवेल. पण एजंट दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करायलाय. डीजीसीएच्या नियमात सरकारी आदेशामुळं विमान रद्द झालं तर कंपनीला वरून नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, हे खरं. भरपाई नाही म्हणजे तिकिटाचे पैसेही बुडाले असं कुठं लिहिलेलं नाही. विमान उडालंच नाही तर तिकिटाचा परतावा मिळतो, आणि बऱ्याच वेळा तो एजंटच्या खात्यात येऊन पडलेला असतो, प्रवाशाला कळतच नाही.

म्हणून आधी पीएनआर नंबर घेऊन विमान कंपनीला सरळ ईमेल करा की आमच्या तिकिटाचा परतावा कुणाला, कधी, किती दिला. ते उत्तर हातात आलं की अर्धं काम झालं. मग एजंटला लेखी नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत टाका, हॉटेलचे पैसे त्यानं पुढं खरोखर दिले होते का त्याची पावती मागा, कारण हॉटेलच्या बाबतीत पॅकेजच्या अटी लागतात आणि तिथं थोडं कमीजास्त होऊ शकतं. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, विमान कंपनी टाळत असेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका, आणि शेवटी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आता ऑनलाइन पण दाखल होतं. तिन्ही कुटुंबांच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एजंटनं पाठवलेलं पॅकेजचं माहितीपत्रक सगळं प्रिंट काढून तारखेप्रमाणं लावा. विमान कंपनीचं उत्तर आलं की त्याची प्रत आमच्याकडं पाठवा, पुढचा मसुदा लिहायला मी मदत करीन.